खोकला हळदीचा नव्हता

हळदीच्या बाजारात खोकला कुणी मनावर घेत नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानात मी दिवाणजी आहे. हंगामात सौदे सुरू झाले की दिवसभर पोती फुटतात, हळकुंडं ओतली जातात आणि संध्याकाळी वहीच्या पानांवरही पिवळी पूड बसलेली असते. त्यामुळे मला कोरडा खोकला लागला तेव्हा सगळ्यांनी धुळीवरच बोट ठेवलं. मास्क लावला, गुळण्या केल्या, ज्येष्ठमध चघळला, खोकल्याची औषधं घेऊन झाली. रात्री आडवं पडलं की ढास लागायची आणि घरात कुणाला झोप यायची नाही. हंगाम सरला, यार्ड मोकळं झालं, तरी खोकला तसाच.

बीपीच्या तपासणीला गेलो तर बोलता बोलताच ढास लागली. डॉक्टर मॅडमनी छाती तपासली, फाइल मागे चाळत नेली आणि विचारलं, "काका, रॅमिप्रिल सुरू झाल्यानंतरच खोकला आला ना?" तारखा जुळत होत्या. छातीचा एक्स-रे स्वच्छ निघाला. रॅमिप्रिल बंद झालं आणि त्याच्या जागी टेल्मिसार्टन 40 मिलिग्रॅम आलं, रोज सकाळी एक.

दोन्ही गोळ्या बीपीच्याच, मग एकीने खोकला येतो आणि दुसरीने का नाही, हे मला समजून घ्यायचं होतं. मॅडमनी कागदावर आकृती काढून दाखवली. मूत्रपिंडं रेनिन सोडतात. यकृतात तयार झालेल्या एका प्रथिनावर त्याचं काम होऊन अँजिओटेन्सिन एक बनतं. मग एसीई नावाचं विकर, मुख्यतः फुप्फुसांत, त्याचं अँजिओटेन्सिन दोन करतं. खरा जोर या दोनमध्ये. ते रक्तवाहिन्या आवळतं आणि अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक वाढवून अंगात मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतं. रॅमिप्रिल त्या विकरालाच अडवतं. पण तेच विकर ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थही मोडत असतं. विकर अडलं की ब्रॅडिकायनिन साचतं आणि काही जणांना खोकला लागतो. टेल्मिसार्टन विकराच्या वाटेला जात नाही. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तशी ते रक्तवाहिन्यांवरची अँजिओटेन्सिनची जागा आधीच धरून ठेवतं.

मी मूळचा बत्तीस शिराळ्याचा, नागपंचमीच्या गावचा. म्हणून मॅडमनी जाता जाता सांगितलेलं माझ्या पक्कं लक्षात राहिलं. रॅमिप्रिलच्या घराण्यातली पहिली गोळी, कॅप्टोप्रिल, ब्राझीलमधल्या जराराका सापाच्या विषावरच्या संशोधनातून आली आणि 1981 मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. टेल्मिसार्टनच्या, म्हणजे सार्टन घराण्यातलं पहिलं औषध लोसार्टन, ते 1995 चं.

खोकला एका दिवसात गेला नाही. काही आठवडे लागतात, कधी तीन महिनेही, असं मॅडमनी आधीच सांगितलं होतं. आधी रात्रीची ढास थांबली, मग दिवसाची. इकडे डब्यात रॅमिप्रिलच्या पट्ट्या शिल्लक होत्या. घरी म्हणणं पडलं, "अहो, एवढ्या गोळ्या वाया घालवायच्या? दोन्ही घेऊन संपवून टाका की." मी फोन करून विचारलं. उत्तर स्पष्ट होतं: अजिबात नाही. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑनटार्गेट या 25,620 रुग्णांच्या अभ्यासात दोन्ही औषधं एकत्र देऊन पाहिली होती. फायदा वाढला नाही, मूत्रपिंडांचा आणि चक्कर येण्याचा त्रास मात्र वाढला.

खरी परीक्षा रक्ततपासणीची होती. सार्टन सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं नीट चालतात का ते सांगणारा आकडा, आणि पोटॅशियम बघायचं असतं. क्रिएटिनिन किंचित वाढलं होतं. सुरुवातीला 30 टक्क्यांपर्यंतची वाढ सहसा चालते, त्यामुळे त्याची काळजी नव्हती. पोटॅशियम मात्र 5.6 आलं. साधारण 5 च्या आत हवं. ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून त्याच दिवशी ईसीजी काढला. तो बरा आला. मग उलटतपासणी सुरू झाली. केळी किती खाता? शहाळं? रोज नाही. शेवटी मॅडमनी विचारलं, "मीठ कुठलं वापरता?"

मीठ घरी मोठ्या काळजीने बदललेलं होतं. बीपी आहे म्हणून बायकोने कमी सोडियमचं मीठ आणलं होतं आणि आमटीपासून ताकापर्यंत सगळ्यात तेच पडत होतं. घरी जाऊन पाकीट खिडकीशी धरलं. मागे बारीक अक्षरात पोटॅशियम क्लोराइड लिहिलं होतं. सोडियम कमी करताना त्याची जागा पोटॅशियमने भरलेली असते. इतर कुणाला ते मीठ चालेलही, पण टेल्मिसार्टनमुळे अल्डोस्टेरॉन कमी होतं आणि मूत्रपिंडं पोटॅशियम कमी बाहेर टाकतात. पाकीट बंद केलं. साधंच मीठ, पण कमी. लोणचं आणि पापड सुटले, दुपारच्या चहाबरोबरचं भडंगही सुटलं, आणि सांगलीत राहून भडंग सोडणं किती जड जातं ते इथल्या माणसालाच कळेल. पुढच्या तपासणीत पोटॅशियम 4.7 आलं. रिपोर्ट हातात घेतल्यावर मी मोकळा श्वास घेतला.

या गोळीचा पूर्ण परिणाम दिसायला साधारण महिना जातो. तेवढ्यात मी घरी बीपी लिहून ठेवत होतो: पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर, सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी. घरचं बीपी 135/85 च्या आत हवं. माझं 146/90 च्या आसपास अडलं होतं. वही बघून मॅडमनी बीपीचीच आणखी एक गोळी, अ‍ॅम्लोडिपिन 5 जोडलं. त्याने कित्येकांचे घोटे सुजतात, पण सोबत सार्टन असलं की सूज कमी येते. माझे सुजले नाहीत. आता बीपी 126/78 च्या आसपास असतं.

पोती मोजताना कंबर धरते. पूर्वी मी डायक्लोफिनॅक घ्यायचो. अशा वेदनाशामकांनी या गोळीचा परिणाम कमी होतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो, म्हणून आता पॅरासिटामॉलवर भागवतो. जुलाब-उलट्या झाल्या आणि अंगातलं पाणी कमी झालं तर टेल्मिसार्टन घेण्याआधी विचारायचं, हे मॅडमनी माझ्या फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून दिलंय. टेल्मिसार्टन ओल शोषून घेतं, त्यामुळे आठवड्याच्या गोळ्या आधीच काढून डबीत भरायच्या नाहीत. घ्यायच्या वेळीच पट्टीतून काढायची. पावसाळ्यात तर हे पाळायलाच हवं.

माझ्या भाचीलाही तरुण वयात बीपी निघालं आणि तिलाही सार्टन सुरू होतं. लग्न ठरल्यावर मी तिला आवर्जून सांगितलं, "बाळाचा विचार असेल तर आधी डॉक्टरांकडे जा." गरोदरपणात ही गोळी बाळाच्या मूत्रपिंडांना घातक ठरते. ती गेली आणि डॉक्टरांनी तिला त्या काळात चालणारी दुसरी गोळी बदलून दिली.