पहिला पुल-अप वरून खाली शिकावा

पुल-अप म्हणजे आडव्या बारला लटकून, हातांच्या जोरावर हनुवटी बारच्या वर नेणं. बारला लटकून पाय झाडत वर जायची धडपड रोज केली तरी पहिला पुल-अप लवकर निघत नाही. सराव उलट्या दिशेने करावा. स्नायू जेवढं वजन वर खेचू शकतात त्यापेक्षा जास्त वजन आवरत खाली सोडू शकतात. त्यामुळे एकही पुल-अप येत नसला तरी अख्खं शरीर पेलत सावकाश उतरणं बऱ्याच जणांना जमतं.

त्याआधी दोन गोष्टी हव्यात. एक, सलग ३० सेकंद लटकता यावं. नाहीतर पाठ दमायच्या आधी पकडच सुटते. दुसरी, लटकलेलं असताना कोपरं न वाकवता खांदे कानांपासून खाली ओढता यावेत. शरीर जेमतेम इंच-दोन इंच हलतं, बघणाऱ्याला काही कळतही नाही, पण पुल-अप सुरू होतो तो इथूनच. याचे ८-८ चे ३ सेट करावेत.

मग उतरणं. बारखाली न डगमगणारं स्टूल ठेवा, त्यावर चढून हनुवटी बारच्या वर आणा, पाय उचला आणि ५ सेकंदांत हात पूर्ण सरळ होईपर्यंत खाली या. पुन्हा स्टूलवरूनच वर जायचं. अशा ४-५ फेऱ्या, आठवड्यातून ३ दिवस, मध्ये एकेक दिवस सुट्टी. जमेल तसे सेकंद १० पर्यंत वाढवा.

गडबड होते ती अर्ध्या वाटेवर. कोपर काटकोनाच्या पुढे उघडलं की लोक धपकन खाली येतात. शेवटचा हा टप्पा टाळला, की वर जाताना नेमके तिथेच अडतात. तिथे मुद्दाम २ सेकंद थांबा. आधारासाठी बारला अडकवून ज्यात पाय ठेवतात, त्या रबर बँडचीही हीच अडचण: तो तळाशी सर्वात जास्त ताणलेला असतो, म्हणून जिथे ताकद कमावायची तिथेच तो सगळ्यात जास्त मदत करतो. त्यापेक्षा एक पाय स्टूलवर टेकवून लागेल तेवढाच रेटा द्यावा.

कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागलं तर फेऱ्या निम्म्या करा. ‘थोडं दुखणारच’ म्हणत रेटलं तर हे दुखणं महिनोन्‌महिने रेंगाळतं.

जोडीला भक्कम टेबलाखाली उताणं झोपून, कड धरून छाती वर ओढण्याचे १० चे ३ सेट. टेबल उलटत नाही ना, ते आधी बघा. दाराच्या चौकटीतला बारही आधी पाय जमिनीवर ठेवून ओढून पाहावा.

१० सेकंदांच्या ३ फेऱ्या न घसरता जमल्या, की वर जाऊन बघायचं; तेही सरावाच्या सुरुवातीला, अंग गरम करून, दमायच्या आत. तळवे स्वतःकडे ठेवून धरलं तर दंडाची मदत जास्त मिळते, म्हणून त्या पकडीने बहुतेकांना आधी जमतं. आधी खांदे खाली, मग कोपरं बरगड्यांकडे. मध्येच अडलात तर सोडून देऊ नका: तिथेच ३ सेकंद धरा आणि तिथूनही सावकाशच उतरा.