ओकच्या रानात आठवडाभर: रोडोडेंड्रॉन मुळासकट कसं काढायचं

वेल्सच्या वायव्येला, स्नोडोनियाच्या डोंगरात बेदगेलर्ट गावाशेजारी क्राव्लुइन ही जुनी व्हिक्टोरियन इस्टेट आहे. आज ती नॅशनल ट्रस्ट या ब्रिटनमधल्या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. (नकाशावर गावाचं नाव वाचून गोंधळू नका. वेल्शमध्ये दोन 'डी' एकत्र आले की उच्चार आपल्या 'द'च्या जवळ जातो.) हवेली, तिच्याकडे जाणारा रस्ता, दगडी गडगे आणि मागच्या उतारावर ओकचं रान असा हा परिसर आहे. शेजारच्या नांट ग्विनांट खोऱ्यात आणि या इस्टेटीवर कितीतरी वर्षं रेंजर आणि स्वयंसेवक मिळून एकाच झुडपामागे लागले आहेत. ते झुडूप म्हणजे रोडोडेंड्रॉन पॉन्टिकम.

स्वयंसेवक आठवडाभर राहून हे काम करतात, आणि अशा आठवड्याला तिकडे वर्किंग हॉलिडे म्हणतात. आपलं श्रमदान शिबिरच ते, फक्त राहण्याजेवणाचा खर्च स्वयंसेवकाने स्वतः भरायचा. 'झाडं लावायला चाललोय' अशी कल्पना करून आलेल्यांना पहिल्या दिवशी हातात करवत मिळते. त्यात निराश होण्यासारखं काही नाही. या रानाला आज रोपांपेक्षा उजेडाची गरज जास्त आहे.

हिमालयात ट्रेक केलेल्यांना लाल बुरांश ठाऊक असतो. पॉन्टिकम त्याचा चुलतभाऊ. १७६३ साली तो ब्रिटनमध्ये आणला गेला आणि तिथली बहुतांश झुडपं स्पेन-पोर्तुगालच्या वंशाची आहेत. जमीनदारांनी तो बागेत शोभेसाठी लावला, तसाच शिकारीच्या पक्ष्यांना आडोसा म्हणून रानातही लावला. आणखी एका मार्गाने तो शिरला, आणि तो मार्ग कोकणातल्या कलमवाल्यांना लगेच समजेल. भारी जातीची रोडोडेंड्रॉन पॉन्टिकमच्या खुंटावर बांधली जात. माळ्याचं लक्ष उडालं की खुंटाला फुटवा यायचा, वरचं कलम मरायचं आणि खुंट माजायचा. म्हणूनच इस्टेटीच्या बागेतली सगळीच रोडोडेंड्रॉन तोडायची नसतात. जुन्या संग्रहातली जपायची झाडं रेंजर फीत बांधून दाखवतो. फीत नसलेलं पण शंकास्पद झाड दिसलं तर आधी विचारा, मग करवत लावा.

नुकसान सावलीने होतं. झुडूप सदाहरित आणि दाट असल्यामुळे खाली ओकचं बी रुजलं तरी रोप जगत नाही. गुरं-मेंढ्यांना पानं विषारी, त्यामुळे चरून कमी होण्याचीही आशा नाही. आणि हे रान साधं नाही. युरोपच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या समशीतोष्ण वर्षावनाचा हा उरलेला तुकडा आहे. इथल्या उंच डोंगरांवर वर्षाला ३,००० मिमीच्या वर पाऊस पडतो. महाबळेश्वरच्या मानाने कमी, पण आपल्यासारखा चार महिन्यांत उरकत नाही, बारा महिने झिरपत राहतो. त्या ओलाव्यावर ओक, बर्च, रोवन आणि हेझलच्या खोडांवर शेवाळ चढतं. जेमतेम एका पेशीइतक्या जाडीच्या पानांचे नेचे उगवतात आणि आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाचे असंख्य भाऊबंद नांदतात. खोडाभोवती पॉन्टिकम दाटला की आधी हीच मंडळी संपतात.

कामाचा हंगाम साधारण सप्टेंबर ते फेब्रुवारी. मार्च ते ऑगस्ट पक्ष्यांची घरटी असतात आणि १९८१च्या वन्यजीव कायद्याने वापरात असलेलं घरटं मोडणं हा गुन्हा आहे. डिसेंबरात कामापुरता उजेड जेमतेम सात-आठ तास असतो. जीन्स घरीच ठेवा. ओली सुती पँट दिवसभर सुकत नाही आणि बसल्या जागी थंडी भरते. लोकरीचा किंवा सिंथेटिक आतला थर, पावसाळी जाकीट-पँट, घोट्याच्या वर येणारे बूट आणि हातमोज्यांचे दोन जोड आणा. शाकाहारी असाल तर नाव नोंदवतानाच कळवा. स्वयंपाक बहुधा पाळीपाळीने करायचा असतो आणि शिधा आधीच भरलेला असतो.

हत्यारं मोजकीच असतात: लांब दांड्याची कात्री म्हणजे लॉपर, धनुष्यासारखी बो सॉ, आणि मॅटॉक म्हणजे आपली कुदळच. दोन माणसांत किमान दोन हत्यारांच्या लांबीचं अंतर हवं. करवत चालवताना फांदी धरलेल्या हातात मोजा हवाच, कारण पातं उडून तिकडेच येतं. कुदळ मारताना मात्र मोजे काढा, ओल्या मोज्यातून दांडा निसटतो. उतारावर एकाच्या डोक्यावर दुसऱ्याने काम करायचं नाही, सगळ्यांनी एका आडव्या ओळीत राहायचं. हा जुन्या तांब्याच्या खाणींचा मुलूख आहे, सायगनची खाण इथलीच. त्यामुळे रेंजरने आधी न पाहिलेल्या जाळीत घुसू नका. झुडपाखाली काय दडलंय ते बाहेरून दिसत नाही.

आता मुख्य काम. नवखे लोक हमखास जाळीच्या मध्यात शिरून दिसेल ती फांदी तोडतात. अर्ध्या तासात पायाखाली फांद्यांचा असा गुंता होतो की ना बुंधा दिसतो, ना मागे फिरता येतं. काठावरून सुरुवात करा. बाजूच्या फांद्या हातभर लांबीच्या तुकड्यांत कापा, लगेच ओढून बाहेर काढा आणि बुंध्यापर्यंतची जमीन मोकळी करा. मुख्य खोडं मात्र तळाशी कापू नका. मीटर-दीड मीटर उंचीचे सोट उभे ठेवा. ती तुमची पहार आहे.

सोट दोन्ही हातांनी धरून एकदा इकडे, एकदा तिकडे रेटा. कुदळीने बुंध्याभोवतीची माती सैल करा, ताणलेली मुळं दिसतील ती तोडा, पुन्हा रेटा. खोड आणि मूळ जिथे जुळतात तिथेच नव्या फुटव्याचे डोळे असतात. तो सांधा जमिनीतून बाहेर आला की काम झालं. खाली तुटून राहिलेल्या लांब मुळांची काळजी नको, त्यांतून झुडूप परत येत नाही. अनेक खोडांचं झुडूप असेल तर बाहेरच्या खोडापासून एकेक सोट चिरून काढत आत जा. सांधा निघतच नसेल तर जड हातोड्याने ठेचून त्यावरची साल आणि डोळे पुरते चिरडावे लागतात.

आपल्याकडे घाणेरी काढणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. तीही वसाहतकाळात शोभेसाठीच आली. ती काढण्याची भारतात रूढ झालेली पद्धत हेच सांगते: फुटव्याच्या भागाच्या खाली मुख्य मूळ तोडा, झुडूप उपटा आणि उलटं ठेवा. वरून छाटलेली घाणेरी पुढच्या पावसात दुप्पट दाट होते. पॉन्टिकमचंही तेच. आठवड्यात किती जमीन 'साफ' दिसली यावर आम्ही अजिबात विश्वास ठेवत नाही. बाहेर निघालेले सांधे मोजावेत.

उपटलेला गड्डा झटकून माती पाडा आणि मुळं वर करून दुसऱ्या खुंटावर किंवा दगडावर टांगा. ओल्या शेवाळावर तसाच आडवा टाकला तर तो पुन्हा मूळ धरू शकतो. जमिनीला टेकलेल्या फांद्यांचंही तसंच. टेकलेल्या जागी त्या रुजतात आणि आईपासून तोडल्या तरी स्वतंत्र जगतात. प्रत्येक आडवी फांदी हाताने चाचपत टोकापर्यंत जा. हे कंटाळवाणं काम आहे आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

काही जागी उपटणं चूकच. दगडी गडग्यात रुजलेलं झुडूप रेटलं तर गडगा कोसळतो, घळीच्या कड्यावर माती सुटते. तिथे जमिनीलगत कापून ताज्या कापावर ग्लायफोसेट हे तणनाशक लावतात, किंवा खोडाला भोक पाडून आत सोडतात आणि झुडूप उभंच मरू देतात. हे प्रशिक्षित, प्रमाणपत्र असलेल्या माणसाचंच काम. स्वयंसेवकाने खुंट मोकळा करून द्यायचा. औषधात रंग मिसळलेला असतो, राहिलेला खुंट त्यामुळे चटकन दिसतो. भोकाच्या पद्धतीत प्रत्येक खोडाला वेगळा डोस लागतो. एक चुकलं तर तेवढंच हिरवं राहतं आणि फुलतं. कापावर औषध लावायला कोरडा दिवस हवा, आणि इथे कोरडा दिवस मिळणं हीच मोठी अडचण असते.

फांद्या जाळायच्या तर एकच जागा ठरवा. खोडांपासून आणि मुळांपासून लांब, शक्य तर जमिनीपासून उचललेल्या पत्र्यावर. पॉन्टिकमची ओली पानं तडतडून जोरात पेटतात, धूर डोळ्यांना झोंबतो. धूर जातो त्या बाजूला कोणी उभं राहू नये. धूर शेवाळाने भरलेल्या ओककडे जात असेल तर जाळूच नका, ढीग घाला. ढिगांमध्ये माणूस जाईल एवढी वाट सोडा, कारण दोन-तीन वर्षांनी कोणीतरी रोपं शोधत त्याच जागी येणार असतो.

ती फेरी चुकवता येत नाही. मोठं झुडूप वर्षाला दहा लाखांपर्यंत बिया सोडतं, त्या धुळीइतक्या बारीक असतात आणि वाऱ्याबरोबर जातात. उघड्या ओल्या शेवाळावर त्या छान रुजतात, आणि साफसफाईने नेमकी तशीच जागा तयार होते. दिलासा दोन गोष्टींचा: मातीत बी फार काळ टिकत नाही, आणि रोपाला पहिलं फूल यायला साधारण दहा-बारा वर्षं लागतात. म्हणून वारा येतो त्या वरच्या बाजूची, बी देणारी मोठी झुडपं आधी काढायची. खालचा तुकडा चकाचक करून वरची जाळी तशीच ठेवली, किंवा शेजारच्या बागेतलं झुडूप राहिलं, की सगळं पहिल्यापासून.

उजेड आला की ओक, बर्च, रोवन आसपासच्या बियांतून बहुतेक वेळा आपणच उगवतात. लावायचीच तर स्थानिक बियांची रोपं, नोव्हेंबर ते मार्चमध्ये, मुळं वाऱ्यावर क्षणभरही उघडी न ठेवता. खरी अडचण मेंढ्या आणि रानटी बकऱ्यांची असते. पण कुंपण घालून चराई कायमची बंद केली तर काटेरी ब्रॅम्बल आणि कोवळ्या झाडांची गर्दी होते आणि खोडांवरची दगडफुलं पुन्हा अंधारात जातात. त्यामुळे रोपं गुरांचं तोंड पोचणार नाही एवढी वाढल्यावर थोडी गुरं आत सोडणं चांगलं.

रोज संध्याकाळी दोन गोष्टी करायच्या. एक, अंगावर गोचीड शोधायची: गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली. सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल किंवा काडी लावू नका. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं सांगा, तो लाइम आजार असू शकतो. दोन, बूट आणि हत्यारं ब्रशने घासून माती पूर्ण काढायची आणि मग जंतुनाशक फवारायचं. पॉन्टिकमवर फायटॉफ्थोरा रमोरम हा बुरशीसारखा रोगकारक जीव वाढतो आणि त्याच्यापायी ब्रिटनमध्ये लार्चची रानंच्या रानं तोडावी लागली आहेत. चिखलावरूनच फवारलं तर औषध आत पोचत नाही. बुटाच्या तळव्यातल्या खाचा आधी काडीने कोरून घ्या.