हेल्सचं सूर्यफूल: दुसरा आठवडा

स्टीफन हेल्सचा जुना प्रयोग मी घरी करून बघतोय: कुंडीचं वजन रोज किती घटतं त्यावरून झाड पानांतून किती पाणी हवेत सोडतं ते मोजायचं. मागच्या अपडेटमध्ये मी उड्या मारत सांगितलं होतं ना की माझं सूर्यफूल दिवसाला ४१० ग्रॅम पाणी हवेत सोडतंय, तो आकडा विसरा. कुंडीचं तोंड प्लास्टिकने गच्च बांधलं होतं पण बुडाची भोकं तशीच उघडी, तिथून पाणी गळत होतं आणि मी ते सगळं झाडाच्या नावावर मांडत बसलो.

स्टीफन हेल्स असला गाढवपणा करणारा नव्हता. लंडनजवळच्या टेडिंग्टनचा हा पाद्री, १७२४ च्या ३ जुलैला त्याने साडेतीन फुटी सूर्यफुलाच्या कुंडीवर शिशाचा पातळ पत्रा बसवला, फटी बुजवल्या, पाणी घालायला छोटी नळी ठेवली तर तिलाही बूच, आणि ८ ऑगस्टपर्यंतच्या काळात एकूण १५ दिवस सकाळ-संध्याकाळ वजनं घेतली. एवढं करून गडी थांबला नाही, शेवटी झाड कापलं, खुंट लिंपून बंद केला आणि नुसत्या कुंडीच्या मातीच्या भिंतीतून किती पाणी झिरपून उडतं ते मोजलं. १२ तासांत २ औंस. ते वजा करून मग आकडा दिला: दिवसाचे सरासरी २० औंस म्हणजे जवळपास ५६७ ग्रॅम, सगळ्यात जास्त ३० औंस. मला तर त्या २० पेक्षा हे २ औंसच भारी वाटतात.

तर भोकांना एम-सील लावलं, बाजूला तशीच बांधलेली पण बिनझाडाची कुंडी ठेवली. झाड दोन फुटांचं आहे, किचनचा वजनकाटा १० किलोवाला. कडक उन्हात २६५ ग्रॅम, ढगाळ दिवशी ९०, बिनझाडाची कुंडी ५ च्या आतच. काटा मधेच आपोआप बंद होतो तो वैताग वेगळा, त्यात आई रोज विचारते, "आज काय भाव लावलास रे कुंडीला?"

रात्री १५-२० ग्रॅम जातात. पण मंगळवारी सकाळी वजन उलट १२ ग्रॅम वाढलेलं, मी परत काट्याला शिव्या घातल्या, मग बघितलं तर पानं दवाने ओली! हेल्सच्याही नोंदीत हेच आहे, भरपूर दव पडलं की त्याची कुंडी २-३ औंस जड व्हायची.

आता पानांचं क्षेत्रफळ. हेल्सच्या झाडाचं ५६१६ चौरस इंच आलं होतं, पानं तोडून दोऱ्याच्या जाळीखाली मोजलेलं. मला तोडवत नाहीत, त्यामुळे सध्या झाडावरच आलेखाचा कागद धरून एकेक पान गिरवतोय, ११ झाली, १४ राहिलीत.