आधी मागचं झाकण उघडा

“काका, डायल बघून सांगा ना, घड्याळ ओरिजनल आहे का?” या प्रश्नाचा मला वैताग येतो. डायल, काटे, सिरॅमिकची रिंग, तारखेवरचं भिंग, सगळं आता हुबेहूब मिळतं. वजनसुद्धा. चुगली करतं ते आतलं मशीन.

परभणीत आमचं घड्याळांचं दुकान वडलांपासूनचं. माझा हात बसला तो एचएमटी जनतावर. जनताचा बॅलन्स, म्हणजे मागं-पुढं झुलणारं चाक, तासाला 18,000 ठोके देतो, म्हणजे सेकंदाला पाच. रोलेक्सच्या 3135 मशीनचे 28,800, सेकंदाला आठ. स्वस्त नकलेत बहुतेक वेळा 21,600 वालं मशीन निघतं. कान सरावला नसेल तर मोबाइलवर स्लो मोशनमध्ये सेकंद काट्याच्या उड्या मोजा. पण आठ भरल्या म्हणून हुरळू नका. ईटीए 2824 हे स्विस मशीन आणि त्याच्या चिनी नकलाही आठच देतात.

परवा एक पोरगा रोलेक्सची सबमरिनर घेऊन आला. दुबईच्या कुणाकडून तरी घ्यायची होती, बिल 2015 चं. बिलाचं काय, ते कुठंही छापून मिळतं. त्या सालच्या तारीखवाल्या सबमरिनरमध्ये 3135 च पाहिजे, म्हणून झाकण उघडलं. 3135 मध्ये बॅलन्सवरची पट्टी दोन्ही टोकांना आवळलेली असते. इथंही पट्टी होती, दोन स्क्रू होते. आयग्लास लावला तर वरचा नुसता पत्रा! खाली एकाच पायावरची नेहमीची पट्टी, अन् तिच्यावर घड्याळ जलद-सावकाश करायची प्लस-मायनसची दांडी. 3135 ला ही दांडीच नसते. तिथं बॅलन्सच्या चाकाला आतल्या बाजूनं सोन्याचे बारीक नट असतात, ते खास चावीनं फिरवून वेळ लावतात. शिवाय रोटरच्या, म्हणजे हात हलला की फिरून चावी देणाऱ्या वजनाच्या, मधोमध बॉल बेअरिंग दिसत होतं; 3135 चा रोटर साध्या अ‍ॅक्सलवर फिरतो.

“पण चालतंय तर चांगलं की!”

चालतंयच की. मशीन वाईट नाही, भाव सबमरिनरचा लावलाय ना बाबा.

हल्ली मात्र 3135 चीच अख्खी नक्कल येते. पट्टी खरोखर दोन टोकांची, बालकमानी (बॅलन्सची बारीक स्प्रिंग) खऱ्यासारखीच निळी, चाकंही तशीच लाल. मग मी पट्टीच्या कडा अन् स्क्रूच्या खाचा बघत बसतो. तेवढ्यावर ‘खोटं’ म्हणता येतं, ‘खरं’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवा म्हणतो. गिऱ्हाइकाला ते पटत नाही. त्याला चहा संपायच्या आत निकाल पाहिजे असतो.