शेजारचा रकाना

प्रायमरी म्हणजे नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीआधी पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात तिच्यात मत द्यायला आधी पक्षाची नोंदणी करावी लागत नाही. मतपत्रिकेवर शेजारी शेजारी रकाने असतात, एक रिपब्लिकनांचा, एक डेमोक्रॅट्सचा. कुठल्याही एकातच खुणा करायच्या. दोन्हीकडे केल्या तर त्या भागातली सगळी मतं बाद. २ ऑगस्ट २०२२ ला ग्रँड रॅपिड्समध्ये मी ही पत्रिका घेऊन उभी होते आणि सवयीने डेमोक्रॅटिक रकान्यात शिरले. काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या जागेसाठी तिथे एकच नाव होतं, हिलरी स्कॉल्टन. त्यापुढचा लंबगोल मी नीट काळा केला. शेजारच्या रकान्यात दोन नावं होती. खरी निवडणूक तिथे चालली होती.

त्यातलं एक नाव पीटर मायर यांचं. इराकमध्ये सैन्यात राहून आलेले, तेव्हाचे आमचे प्रतिनिधी. ३ जानेवारी २०२१ ला त्यांचा शपथविधी झाला. तीन दिवसांनी कॅपिटॉलवर, म्हणजे संसद भवनावर जमाव चालून गेला. १३ तारखेला त्यांनी स्वतःच्याच पक्षाचे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्यावरील महाभियोगाच्या बाजूने मत दिलं. सभागृहात असे रिपब्लिकन दहाच निघाले. पुढे जून २०२२ मध्ये दोन्ही पक्षांनी मिळून बंदुकांविषयीचा कायदा आणला, तेव्हा सभागृहातल्या त्यांच्या पक्षाच्या चौदा जणांनी साथ दिली; त्यातही ते होते. त्यांची बरीच मतं मला पटत नव्हती, आजही पटत नाहीत. पण ज्याच्याशी भांडता येतं आणि भांडून झाल्यावर एका कागदावर सहीही करता येते, असा माणूस होता तो.

प्रायमरीच्या आदल्या आठवड्यात टीव्हीवर त्यांचे प्रतिस्पर्धी जॉन गिब्ज यांच्याविषयी एक जाहिरात लागायची. गिब्ज फारच कट्टर आहेत, ट्रम्प यांनी निवडलेले आहेत, असं ती सांगायची. ऐकायला टीका, पण रिपब्लिकन प्रायमरीच्या मतदाराला ती शिफारसच वाटणार. पैसे डेमोक्रॅटिक पक्षाच्या काँग्रेस प्रचार समितीचे, चार लाख डॉलर्सहून जास्त. नोव्हेंबरमध्ये गिब्जना पाडणं सोपं जाईल, हा हिशेब. तो बरोबर ठरला. मायर चार हजारांहून कमी मतांनी हरले आणि नोव्हेंबरमध्ये स्कॉल्टन निवडून आल्या. मी त्यांनाच मत दिलं होतं. तरी त्या रात्री मला मनापासून आनंद झाला नाही, कारण ती जाहिरात माझ्या पक्षाची होती.

मवाळांना दोन्हीकडून असं दाबलं जातं. आज बहुतेक मतदारसंघ एका पक्षाकडे इतके झुकलेत की नोव्हेंबरची निवडणूक नावापुरती उरते. फैसला प्रायमरीत होतो आणि तिथे येतात ते थोडे आणि कडवे. मग समोरच्या बाकावरच्या माणसाशी तडजोड करताना प्रतिनिधीला धाक असतो तो घरच्याच लोकांचा. महाभियोगाच्या बाजूने मत देणाऱ्या त्या दहांपैकी चौघे पुन्हा उभेच राहिले नाहीत, चौघे प्रायमरीत पडले. परतले दोघे: कॅलिफोर्नियाचे डेव्हिड वॅलडाओ आणि वॉशिंग्टन राज्याचे डॅन न्यूहाउस. या दोन्ही राज्यांत सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच यादीत असतात आणि पहिले दोन पुढे जातात. हा काही रामबाण उपाय नाही, कारण त्याच दहांतल्या जेमी हेरेरा ब्यूटलर वॉशिंग्टनमध्येच अगदी थोडक्यात पडल्या. तरीही मला ती एकच यादी हवी आहे. ती असती तर त्या दिवशी मी माझं मत वाया घालवलं नसतं.

माझ्या कामावर एक बाई आहेत, जन्मभराच्या रिपब्लिकन. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेराल्ड फोर्ड ग्रँड रॅपिड्सचे प्रतिनिधी होते तेव्हापासून त्यांच्या घरी याच पक्षाला मत. ऑगस्टमध्ये त्यांनी मायर यांना मत दिलं होतं. नोव्हेंबरमध्ये कोणाला दिलंत, असं मी जेवणाच्या सुट्टीत विचारलं. म्हणाल्या, काँग्रेसची जागा कोरीच सोडली. डब्याचं झाकण लावता लावता त्यांनी मला विचारलं, "आणि ऑगस्टमध्ये तू कुठल्या रकान्यात होतीस?"