संत्र्याचा डोळा: घरच्या कलमांचा माझा अनुभव

आमच्या वरुड तालुक्यात संत्र्याची कलमं हवी तेवढी विकत मिळतात. मग ती घरी बांधायचा खटाटोप कशाला, असं मला पुष्कळांनी विचारलं. कारण आमची पहिली बाग. 2012 साली लावलेली 220 झाडं चार वर्षं हिरवीगार होती. पाचव्या पावसाळ्यात बुंध्यांतून डिंक वाहू लागला, पानं पिवळी पडली, फांद्या शेंड्याकडून वाळत आल्या. एक झाड खणून काढलं तेव्हा कळलं की कलमाचा डोळा, म्हणजे दुसऱ्या रोपावर बसवलेला संत्र्याचा अंकुर, जमिनीपासून जेमतेम चार बोटांवर बांधलेला होता, आणि लावताना आम्ही तो जोडच मातीत गाडला होता. त्यात भारी काळी जमीन, आणि पाटाचं पाणी एका आळ्यातून दुसऱ्यात. बुंध्यातून डिंक गळवणाऱ्या या रोगाच्या, डिंक्याच्या, बुरशीचे बीजाणू पाण्यात पोहतात. त्यांना वाट आम्हीच करून दिली होती.

म्हणून नवी कलमं घरीच बांधायचं ठरवलं. मे 2017मध्ये रोपांच्या वाफ्याची माती भिजवून तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक अंथरलं, कडा मातीने दाबल्या आणि दीड महिना उन्हात तापू दिली. खुंटासाठी, म्हणजे ज्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधतात त्यासाठी, जंबेरी आणि रंगपूर या दोन्ही लिंबांचं बी धरलं. जंबेरीवर झाड झपाट्याने वाढतं, पण डिंक्यापुढे ती लवकर हार खाते. रंगपूर लिंबू त्या मानाने तग धरतो. म्हणून भारी जमिनीच्या तुकड्यासाठी रंगपूरच ठरवला. हे बी वाळवून डब्यात ठेवायचं नसतं, कोरडं पडलं की उगवत नाही. नोव्हेंबरात फळांतून काढलं, धुतलं, सावलीत सुकवलं आणि चार दिवसांत पेरलं.

एकेका बियातून दोन-दोन, तीन-तीन कोंब आले. त्यातली बहुतेक रोपं परागाचा अंश नसलेली, आईच्याच पेशींतून तयार झालेली असतात, म्हणून सगळी सारखी दिसतात. जी अगदी खुजी राहतात किंवा पानांनी वेगळी दिसतात, ती बहुधा संकरातून आलेली. ती काढून टाकायची. 600 रोपांतली दीडशे उपटताना माझा हात थांबत होता. चांगली जिवंत रोपं ती. पण खुंट एकसारखा नसेल तर पुढे बागही एकसारखी येत नाही.

जानेवारी 2019पर्यंत खुंट पेन्सिलीएवढे जाड झाले. डोळकाडी, म्हणजे जिच्यावरून डोळे कापून घेतात ती संत्र्याची काडी, मी गावातल्या एका जुन्या बागेतून, वर्षानुवर्षं भरभरून फळणाऱ्या निरोगी झाडांवरून आणली. डोळ्याबरोबर मूळ झाडाचे विषाणूही नव्या कलमात येतात, त्यामुळे इथे भिडेखातर कोणाच्याही झाडाची काडी घेऊ नये. पानं छाटून फक्त देठ ठेवले आणि काड्या ओल्या पोत्यात गुंडाळल्या.

पहिल्या दिवशी 40 डोळे भरले. जमिनीपासून वीतभर उंचीवर सालीला इंग्रजी टी अक्षरासारखी चीर, साल अलगद उचलायची, ढालीसारखा कापलेला डोळा आत सरकवायचा, वरून प्लास्टिकची पट्टी. वाचताना सोपं वाटतं. 40पैकी 9 लागले. हे कळलं त्या दिवशी मी घरात कोणाशी बोलले नाही.

मग आयुष्यभर कलमं बांधलेल्या एका भाऊंना बोलावलं. त्यांनी माझा चाकू अंगठ्यावर फिरवून पाहिला आणि म्हणाले, "वहिनी, याले धारच नाही. अन् डोळा कापून तुमी पाहत बसता. डोळ्याले हवा लागली का तो गेला समजा." त्यांनी धार लावून दिली. आदल्या दिवशी खुंटांना पाणी द्यायला सांगितलं, म्हणजे साल सहज सुटते. पट्टी खालून वर बांधायची, डोळा तेवढा उघडा ठेवायचा. दोन दिवस ते शेजारी बसून होते. तिसऱ्या दिवशी माझा हात त्यांच्या चालीने चालू लागला.

डोळा लागला की नाही, हे तो उमलण्याआधीच कळतं. तीन आठवड्यांनी मी देठाला बोट लावलं आणि तो टपकन गळून पडला. म्हणजे डोळा जिवंत. देठ वाळून चिकटून राहिला, की फसला. रांगेतून वाकून चालताना एकामागून एक देठ गळत होते, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. 300पैकी 243 लागले.

जुलै 2019मध्ये ही कलमं उंच गादीवाफ्यावर, सहा बाय सहा मीटरवर लावली. जोड मातीच्या वीतभर वर, पाणी ठिबकने, बुंध्यापासून दूर. दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाण्याची बोर्डो मलम बुंध्याला हातभर उंचीपर्यंत लावते. जोडाच्या खालून येणारी खुंटाची फूट दिसली की लगेच काढते. ती राहिली तर संत्रा मागे पडतो आणि एक दिवस त्या झाडाला खुंटाचीच फळं लागतात.

2024च्या आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी आलेल्या फुलांची, फळं आम्ही पहिल्यांदा विकली. पहिली टोपली त्या भाऊंच्या घरी दिली. त्यांनी फळाआधी विचारलं, "जोड कोरडा हाय ना?"