कमी दाखवणारा काटा

काळबादेवीत आमचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, जिन्याखालची खोली. भिंतीवर वैध मापनशास्त्राचा दुरुस्ती परवाना, कपाटात काटे तपासायच्या अचूक, एफ-वन वर्गाच्या वजनांची पेटी आणि टेबलावर कायम कुणाचा तरी उघडून ठेवलेला काटा. गिऱ्हाईक बहुतेक झवेरी बाजारातलं. त्यांची तक्रारही ठरलेली: "काटा कमी दाखवतोय." जास्त दाखवतोय म्हणून काटा घेऊन धावत आलेला दुकानदार मी अजून पाहिलेला नाही. कमी दाखवणारा काटा म्हणजे विकणाऱ्याचं नुकसान, हे आमच्या धंद्यातलं पहिलं गणित. ते एका पावसाळी दुपारी उलटं झालं, त्या दिवसाबद्दल लिहितोय.

दादर पश्चिमेला रेल्वेच्या रुळांना लागून असलेल्या एका जुन्या इमारतीत आमच्या ओळखीचे एक वैद्य आहेत. वडिलांच्या वेळेपासूनचे, म्हणून मी त्यांना काकाच म्हणतो. त्यांचा भाचा बरीच वर्षं मिनेसोटात होता. तो बिऱ्हाड आवरून परत आला आणि त्याच्या सामानात एक यंत्र निघालं. काकांनी ते पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात पुड्या बांधायच्या कामाचा हिशेब सुरू झाला. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं ते यंत्र आणि दुसऱ्या पिशवीत औषधाचे दोन डबे, असे ते भर पावसात दुकानात हजर.

"अरे, हे आपोआप मोजून देतं म्हणे. चालू करून दे फक्त."

यंत्र देखणं होतं. मागे पारदर्शक प्लास्टिकची उभी टाकी, तिच्या तळातून निघालेली आडवी नळी, नळीला आतून आटे, पुढे छोटा काटा आणि त्यावर वाटी. वजन टाकून बटण दाबलं की नळी गोल फिरते आणि आट्यांतून माल सरकत सरकत वाटीत पडतो. काटा सतत मोजत असतो. वजन जवळ आलं की नळी मंदावते, शेवटी एकेक दाणा सोडते आणि थांबते. नळीच्या तोंडाशी कुणीतरी शीतपेयाच्या स्ट्रॉचा तुकडा कापून बसवला होता. तोंड अरुंद झालं की शेवटच्या क्षणी माल भसकन पडत नाही. हा बारकावा बघून मला वाटलं, वापरणारा माणूस कामाचा होता.

हे मोजायचं कशासाठी, ते भाच्याने काकांना सांगितलं होतं, पण काकांनी त्याकडे फारसं लक्ष दिलं नव्हतं. तिकडे शिकारी आणि नेमबाज घरीच काडतुसं पुन्हा भरतात. उडालेल्या काडतुसाचं पितळी टरफल साफ करून मापात आणायचं, तळाशी नवा प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारी टोपी, बसवायचा, बंदुकीची दारू मोजून भरायची आणि वर गोळी दाबायची. स्वतःपुरतं करणाऱ्याला तिकडे त्यासाठी केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली हा दारूगोळा बनवण्याचा प्रकार ठरतो. परवान्याशिवाय केला तर सरळ गुन्हा.

काका म्हणाले, "भाच्याने धुऊनपुसून दिलंय सगळं. आणि मी काय बंदूक चालवणार आहे?"

यंत्र मेलेलं होतं कारण कुणीतरी एकशे दहा व्होल्टचा अडॅप्टर आपल्या प्लगात घातला होता. लॅमिंग्टन रोडहून बारा व्होल्टचा अडॅप्टर मागवला, पोरगा भिजत घेऊन आला, पडदा उजळला. पहिला आकडा ग्रेनमध्ये. काका खूश झाले, कारण ग्रेन त्यांच्या वडिलांच्या काळचा. इंग्रजांच्या हिशेबात तोळा म्हणजे बरोब्बर १८० ग्रेन, मासा म्हणजे १५. लगेच पुस्ती जोडली की औषधाच्या आजच्या शासकीय मापात गुंज १२५ मिलिग्रॅम, मासा १ ग्रॅम आणि तोळा १२ ग्रॅम धरतात, सराफांचा ११.६६४ चा तोळा आमचा नव्हे. मी यंत्र ग्रॅमवर आणलं. ग्रेनमध्ये मोजून आपल्याकडे काही विकता येत नाही.

अर्धा तास तापू दिलं. लोडसेलच्या, म्हणजे भाराने वाकणाऱ्या धातूच्या पट्टीवर मोजणाऱ्या काट्याला तेवढा वेळ द्यावाच लागतो, नाहीतर शून्य सरकत राहतं. पंखा बंद केला, मोबाइल लांब ठेवला. तोवर काकांनी धीर सोडून सितोपलादी चूर्ण टाकीत ओतलं.

नळी फिरत राहिली, वाटीत काही पडेना. बारीक चूर्ण, त्यात अर्ध्याहून जास्त खडीसाखर, त्यात जुलैची हवा. टाकीच्या तळाशी चूर्णाने कमान धरली होती. काकांनी टाकीला टिचकी मारली. कमान कोसळली, मुठभर चूर्ण एकदम वाटीत आलं आणि यंत्र केकाटायला लागलं. दोन-तीनदा तेच. बंदुकीच्या दारूचे दाणे मुद्दाम घडवलेले असतात, बारीक कांड्या, गोळ्या नाहीतर चकत्या, आणि वरून ग्रॅफाइट चोपडलेलं, म्हणजे ते घसरतात आणि स्थिर वीज धरत नाहीत. सितोपलादीला कोण ग्रॅफाइट चोपडणार?

टाकी रिकामी करून काकांनी दुसरा डबा उघडला. शतावरी कल्प, दाणेदार. आणि यंत्र असं चाललं की काका टाळी वाजवायचे बाकी राहिले. पाच ग्रॅम म्हटलं, पाच ग्रॅम. शेवटचे चार दाणे टप टप मोजून पडले. "पुड्या बांधणाऱ्या बाईंना आता नुसती घडी घालायची," काका म्हणाले.

मी प्रत्येक पुडी माझ्या सोन्याच्या काट्यावर ठेवत होतो. पाचाची पुडी ५.०१ भरली. तो एक शतांश मला कळत होता. मिनेसोटात गुरुत्वाकर्षण ९.८०६ च्या आसपास, मुंबईत ९.७८६; तिथे जुळवलेला लोडसेल इथे सुमारे ०.२ टक्के कमी दाखवणारच. इथल्या वजनाने जुळवून घेतला की संपलं. जुन्या तराजूला हा ताप नसतो, कारण तिथे वजनाशीच वजन तोललं जातं.

मग दहा ग्रॅमची पुडी काढली. माझ्या काट्यावर १०.४१.

पाचाला चोख आणि दहाला चार दशांश जड, हे गुरुत्वाकर्षणाचं काम नव्हतं. वाटी उतरवून थेट वजनं ठेवायला घेतली. १० ग्रॅम ठीक, २० ग्रॅम ठीक, ५० ग्रॅमला पडद्यावर पंचेचाळीस. रिकामी वाटीच बारा ग्रॅमची होती. म्हणजे वीसच्या पुढे खाली काहीतरी टेकत होतं आणि भार वाटून घेत होतं. लोडसेलच्या खाली एक स्क्रू असतो. कुणी जास्त वजन ठेवलं तर पट्टी वाकून तुटू नये म्हणून तिने टेकायची जागा. पट्टी आणि स्क्रू यांच्यामधली फट कागदाएवढी. तिथे कचरा अडकला की काटा अमुक वजनापर्यंत खरं बोलतो आणि पुढे थापा मारतो.

यंत्र उलटं करून तळ उघडला. टॉर्च मारला. फटीत एक दाणा बसला होता. राखाडी काळा, चमकदार, दोन्ही टोकं सरळ कापलेली कांडी, जेमतेम मिलिमीटरभर लांब. शतावरीचा नव्हे. चिमट्याने काढला, भिंगाखाली धरला. मग नळीच्या बुडाशी प्लास्टिकला चिकटलेले आणखी दिसले, मोटरच्या खाचेत आणखी. वास किंचित ईथरसारखा.

माझ्या उजव्या हाताला सोल्डरिंग आयर्न ३५० अंशांवर तापत होता. ही दारू दोनशे अंशांच्या आतच पेट घेते. आधी तो बंद केला, मग दुकानाचं दार उघडलं, मग काकांना म्हणालो, "भाच्याला बोलवा."

एवढ्याशा दारूने स्फोट वगैरे होत नाही. उघड्यावर ती भुरकन जळते, बंद टरफलात दाबलेली असते तेव्हाच तिचा दाब होतो. पण माझ्या टेबलावर स्पिरिटची बाटली, कापूस आणि कागद. भुरकनही नको होतं.

भाचा तासाभरात आला. तिशीतला, नीट बोलणारा. दाणे बघून ओशाळला. म्हणाला, "दादा, मी टाकी रिकामी केली होती, नळी ब्रशने साफ केली होती. तिकडे हिवाळ्यात हवा इतकी कोरडी असते की हे दाणे प्लास्टिकला उभे चिकटतात. कपडे वाळवायच्या यंत्रातलं कापड घेऊन टाकी पुसायचो. तळ मात्र कधी उघडला नाही."

दाणा अडकलेला असताना पन्नासच्या वजनाला पडद्यावर काय आलं होतं, ते मी त्याला सांगितलं. पंचेचाळीस. तो काही क्षण नुसता बघत राहिला. काकांना अजून कळलं नव्हतं. "पाच ग्रॅम कमीच दाखवत होता ना? मग घाबरायचं काय त्यात?"

ते ऐकून मलाही थांबावं लागलं. आयुष्यभर मी कमी दाखवणाऱ्या काट्याकडे दुकानदाराच्या बाजूने बघत आलो. पण हे यंत्र स्वतः माल ओतत होतं. काटा जेवढं कमी सांगेल तेवढी नळी जास्त फिरणार. शतावरीची पुडी जड झाली तर काकांचे चार पैसे गेले. काडतुसात दारू जास्त गेली तर दाब वाढतो, आणि बंदुकीची नळी, बोल्ट जिथे कच्चे असतील तिथे फुटतात, नेम धरलेल्या माणसाच्या गालाशी.

भाचा मनात आकडे जुळवत होता. "मी चाळीस-बेचाळीस ग्रेन भरायचो. म्हणजे पावणेतीन ग्रॅम. वाटी धरून पंधराच्या आत." म्हणजे वीसच्या खाली, काटा खरं बोलत होता तिथे. शिवाय दर दहावं माप तो साध्या तराजूवर तोलून बघायचा. "तिकडे जुन्या लोकांनी पहिल्या दिवशी हेच शिकवलं. पडद्यावर विश्वास ठेवायचा नाही." दाणा तिकडेच अडकला की जहाजातल्या हेलकाव्यांत, ते कळायला मार्ग नव्हता. थोडा अजून घट्ट बसला असता तर वीसच्या जागी तेराला टेकला असता, एवढं मात्र खरं.

वरळीच्या रायफल रेंजवर सराव करणारी एक मुलगी माझ्याकडे येते. दहा मीटरच्या एअर रायफलचे छर्रे ती वजनाने निवडते, अर्ध्या ग्रॅमच्या आसपासचे. तिच्यासाठी छोटा काटा जुळवून देतो, त्यामुळे नेमबाजांचा मिलिग्रॅमचा हट्ट मला नवा नव्हता. पण तिथे चुकलं तर गुण जातात. इथला हिशेब वेगळा.

राहता राहिलं औषध. मी काकांना सरळ सांगितलं की या यंत्रातून गेलेला एकही दाणा कुणाच्या पोटात जाता कामा नये, आणि हे यंत्र औषधाला कधीच नको. अशा दारूत नायट्रोसेल्युलोज असतं, काही प्रकारांत नायट्रोग्लिसरीनही. काका वाद घालायच्या तयारीत होते. "नायट्रोग्लिसरीन तर ते अ‍ॅलोपॅथीवाले छातीत दुखलं की जिभेखाली देतात."

"मोजून देतात, काका."

ते हसले आणि त्यांनी भरलेल्या सगळ्या पुड्या उलगडून केराच्या डब्यात रिकाम्या केल्या. तोंड मात्र कडू झालं होतं. शतावरी कल्प स्वस्त नाही.

दाणे कागदावर गोळा केले. भाचा म्हणाला, ओल्या फडक्यात गुंडाळून गटारात टाकू. मी नको म्हटलं. उद्या कुणी विचारलं तर परवाना माझा आहे, भिंतीवर नावासकट लावलेला. तिघं पोलीस ठाण्यात गेलो. यंत्रही बरोबर नेलं. तिथल्या साहेबांना आधी वाटलं आम्ही चेष्टा करतोय. मग त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, भाच्याचा जबाब लिहून घेतला, परदेशातल्या वास्तव्याची कागदपत्रं मागितली. पुडीवर वजन लिहायचं होतं. भाचा सवयीने म्हणाला, "पावणेसहा ग्रेन."

"ग्रॅममध्ये सांगा."

०.३७ ग्रॅम, मी निघताना माझ्या सरकारी शिक्का असलेल्या काट्यावर करून आणलं होतं. तेच लिहिलं गेलं. यंत्र त्यांनी ठेवून घेतलं. भाच्याला त्यापायी दोन-चार खेपा पडल्या, पण पुढे काही वाढलं नाही.

काकांना मी साधा, हाताने घालायचा काटा दिला. दादरला बसवायला गेलो तर तिथे वेगळीच गंमत. जलद गाडी गेली की शेवटचा आकडा नाचायचा. लाकडी टेबलावरून उचलून भिंतीच्या कोपऱ्यातल्या कडाप्प्यावर ठेवला, पंख्याच्या वाऱ्याला पुठ्ठ्याचा आडोसा केला, तेव्हा कुठे तो शांत झाला. तपासायला एक १० ग्रॅमचं वजन शेजारी ठेवून आलो. भाचा तिथेच बसला होता. दर दहाव्या पुडीनंतर हे वजन ठेवून बघायचं, असं त्याने पुड्या बांधणाऱ्या बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, "दहाव्याला कशाला, मी पाचव्यालाच बघते." काका आतून ओरडले, "मग पुड्या कधी बांधणार?"